उंदरांची सोयरीक आणि संकर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्क्रांती शिकवताना ‘प्रजाती म्हणजे काय’ या प्रश्नापाशी वर्ग हमखास अडतो. ज्यांची आपसात वीण होते ती एक प्रजाती, ही व्याख्या सगळ्यांना पाठ असते. पण ‘थोडीशीच वीण होत असेल तर?’ असं एखाद्या मुलीनं विचारलं की पाठ केलेली व्याख्या पुरत नाही. मला या प्रश्नाचं सगळ्यांत समाधानकारक उत्तर उंदरांमध्ये सापडलं. विद्यार्थी, त्यांचे पालक आणि ओळखीपाळखीची माणसं वर्षानुवर्षं जे विचारत आली, ते इथे एकत्र केलं आहे. युरोपातल्या घरउंदरांवर या विषयाचं सर्वांत जास्त काम झालंय, त्यामुळे बरीचशी उत्तरं त्यांच्याभोवती फिरतात.

उंदीर कसला जोडीदार निवडतो? समोर येईल त्याच्याशी जमवून घेतो ना?

मीही एके काळी असंच समजत होते. पण मादीच्या बाजूनं हिशोब मांडून पाहा. घरउंदराची मादी दर चार-पाच दिवसांनी माजावर येते. गाभण राहिली की सुमारे तीन आठवडे पिल्लं पोटात वाढवते आणि त्यानंतर जवळपास तितकेच दिवस त्यांना पाजते. घराबाहेर, मांजर-घुबडांच्या तावडीत, तिचं सगळं आयुष्यच काही महिन्यांचं. चुकीच्या नराशी जोडी जमून पिल्लं वांझ निघाली, तर आयुष्याचा मोठा तुकडा फुकट गेला. नराचं त्या मानानं फारसं काही जात नाही. म्हणून चोखंदळपणा मादीत जास्त असतो. नरांनाही आवडनिवड असते, पण तिला एवढी धार नसते.

हे मी डोळ्यांनी पाहिलं ते गावच्या घरी, कोठीच्या खोलीत. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन कागद बांधून बसले होते, कारण उंदरांना लाल प्रकाश जवळजवळ दिसत नाही. एक उंदीर भिंतीच्या कडेकडेनं धावत गेला, ज्वारीच्या पिंपापाशी क्षणभर थबकला आणि दिसेनासा झाला. थोड्या वेळानं दुसरा आला. पोटाखाली पाजून ओढलेले सड दिसत होते, म्हणजे मादी. ती पिंपापाशी थांबली, नाक फरशीला टेकवलं, मिशा थरथरू लागल्या. चांगलं पाव मिनिट ती त्या एका ठिपक्यावर होती. चार पावलं पुढे गेली, वळली आणि परत येऊन तोच ठिपका पुन्हा हुंगला. शेजारी सांडलेल्या ज्वारीच्या दाण्यांकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.

त्या ठिपक्यात तिला एवढं काय कळतं?

जवळजवळ सगळं. नर आहे की मादी, वयात आलेला आहे का, तब्येत कशी आहे, आपल्या नात्यातला आहे का, आणि आपल्या प्रजातीचा आहे का.

उंदराच्या मूत्रात प्रथिनं भरपूर असतात. माणसाच्या लघवीत इतकी प्रथिनं दिसली तर डॉक्टर मूत्रपिंडाच्या तपासण्या लिहून देतील. उंदरात मात्र ती निरोपाचं काम करतात. ही प्रथिनं वासाचे लहान रेणू धरून ठेवतात आणि हळूहळू सोडतात, म्हणून ठिपका वाळला तरी वास टिकतो. २०१० साली लिव्हरपूल विद्यापीठातल्या जेन हर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातलं एक खास प्रथिन ओळखलं. त्याला ‘डार्सिन’ नाव दिलं. ते हवेत उडत नाही, त्यामुळे मादीला नाक थेट ठिपक्याला लावावं लागतं. एकदा ते हुंगलं की तिला त्या नराचा वास आवडतो, एवढंच नाही, तर तो वास आणि ती जागा दोन्ही तिच्या लक्षात राहतात. कोठीतली ती मादी मागे का वळली, हे मला हा शोध वाचल्यावर उमगलं.

नाकाच्या तळाशी हे निरोप वाचणारं वेगळं इंद्रिय असतं, जेकबसनचं इंद्रिय. सापातही ते असतं.

लाळेचंही काम आहे. उंदीर अंग चाटून साफ करतो तेव्हा लाळेतलं एक प्रथिन केसांवर पसरतं. पश्चिम युरोपातला, पूर्व युरोपातला आणि आपल्याकडचा, अशा तिन्ही घरउंदरांत या प्रथिनाचा नमुना वेगवेगळा आहे. जणू प्रत्येकाच्या अंगावर आपापल्या मुलखाचा शिक्का. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं की उंदीर हा शिक्का वाचतात आणि जोडीदार निवडताना तो विचारात घेतात.

‘जवळच्या’ प्रजाती म्हणजे किती जवळच्या?

घरउंदराच्या तीन मुख्य शाखा आहेत: पश्चिम युरोप आणि भूमध्य सागराच्या भोवतालचा डोमेस्टिकस, पूर्व युरोपापासून उत्तर चीनपर्यंतचा मस्क्युलस, आणि दक्षिण व आग्नेय आशियातला कॅस्टेनियस. साधारण साडेतीन ते पाच लाख वर्षांपूर्वी त्या एकमेकींपासून फुटल्या. उंदराच्या वर्षाला दोन-तीन पिढ्या होतात हे लक्षात घेतलं, तर हा काळ वाटतो त्याहून बराच मोठा आहे.

मग माणसानं शेती सुरू केली, धान्य साठवायला लागला, आणि हे तिन्ही त्याच्या कणग्यांमागून, गाड्यांतून, गलबतांतून जगभर पसरले. लाखो वर्षं दूर राहिलेली भावंडं पुन्हा समोरासमोर आली ती अशी.

आपल्या स्वयंपाकघरात येतो तो यातला कोणता?

महाराष्ट्रातल्या घरांत दिसणारा छोटा उंदीर, मुठीत मावेल एवढा, लांब शेपटीचा, तो कॅस्टेनियस. या शाखेत जनुकांची विविधता फार मोठी आहे, आणि घरउंदराचं मूळ घर इराण ते उत्तर भारत या पट्ट्यात शोधण्यामागे तेही एक कारण आहे. माळ्यावरून धडधडत पळणारा मोठा उंदीर हा वेगळाच, रॅटस. अंगणात बिळं खणणारी घूस आणखी निराळी, बँडिकोटा. आणि चिचुंद्री तर कुरतडणाऱ्या प्राण्यांतली नाहीच. ती किडे खाणाऱ्यांच्या कुळातली.

मग घूस आणि उंदीर यांचा संकर होतो का? आमच्याकडे एक ‘मधला’ प्राणी दिसला होता.

नाही. घूस, रॅटस आणि घरउंदीर यांच्यात इतकं अंतर पडलेलं आहे की संकराचा प्रश्नच येत नाही. तुम्हाला दिसलं ते बहुधा घुशीचं अर्धवट वाढलेलं पिल्लू असेल.

युरोपात हे दोन उंदीर नेमके कुठे भेटतात?

डेन्मार्कच्या जटलंडमध्ये ही रेषा सुरू होते, जर्मनी, चेक प्रदेश, ऑस्ट्रिया असं करत दक्षिणेकडे उतरते आणि बल्गेरियात काळ्या समुद्राला टेकते. लांबी सुमारे २५०० किलोमीटर. पश्चिमेला डोमेस्टिकस, पूर्वेला मस्क्युलस. नजरेनंही थोडा फरक कळतो: डोमेस्टिकसची शेपूट लांब आणि पोट काळपट, मस्क्युलसची शेपूट आखूड आणि पोट फिकट.

नवल लांबीचं नाही, रुंदीचं आहे. हा संकरपट्टा बऱ्याच ठिकाणी अवघा वीसेक किलोमीटर रुंद आहे. पुणे ते लोणावळा अंतराच्या निम्माही नाही. त्याच्या एका बाजूच्या गोठ्यात पकडलेला उंदीर जवळपास शुद्ध डोमेस्टिकस, दुसऱ्या बाजूचा जवळपास शुद्ध मस्क्युलस, आणि मधल्या गावांत सगळी सरमिसळ.

मधे ना समुद्र, ना डोंगर. मग दोघं पूर्ण मिसळून का जात नाहीत?

सगळ्या प्रश्नांत मला सर्वांत आवडणारा हा प्रश्न. याच्या उत्तरासाठी लोक पन्नासहून अधिक वर्षं त्या गावांत पिंजरे लावत आले आहेत.

समजा, पट्ट्याच्या मध्यभागी एक धान्याचं कोठार आहे. पश्चिमेकडून डोमेस्टिकस येतात, पूर्वेकडून मस्क्युलस येतात. जोड्या जमतात, संकरित पिल्लं होतात. या पिल्लांपैकी बऱ्याच जणांची, विशेषतः नरांची, पुढची वीण नीट चालत नाही. म्हणजे दोन्हीकडून माल येतो आणि मधे तो जिरतो. दोन्ही बाजूंनी पाणी सोडलं आणि मधली जमीन ते शोषत राहिली, तर ओलीची कड जशी एका जागी ठरून राहते, तसंच काहीसं. येणाऱ्या उंदरांचा ओघ आणि संकरितांची गळती यांचा तोल जिथे साधतो तिथे पट्टा स्थिरावतो. गळती जितकी जास्त तितका पट्टा अरुंद.

असा पट्टा नकाशावर सरकूही शकतो. जिथे मुळात उंदीर कमी, घरं विरळ, तिथे तो जाऊन अडकतो.

अजून एक गोष्ट. पट्ट्यात गेलं की अर्धा हा आणि अर्धा तो अशी पहिल्या पिढीची संकरित पिल्लं भरपूर सापडतील असं वाटतं. प्रत्यक्षात ती फार विरळा. सापडतात ते बहुतेक अनेक पिढ्यांच्या सरमिसळीचे वारस, कुणात नव्वद टक्के इकडचं, कुणात साठ टक्के तिकडचं. पट्ट्याच्या मध्यात दोन्हीकडचे शुद्ध उंदीर एकमेकांसमोर येण्याची वेळच क्वचित येते.

संकरित नरच वांझ का होतात? माद्या का नाही?

जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२२ साली एक नियम मांडला: दोन प्रजातींच्या संकरात एकाच लिंगाची संतती वांझ किंवा नष्ट होत असेल, तर ते लिंग बहुधा दोन वेगळी लिंग-गुणसूत्रं असणारं असतं. सस्तन प्राण्यांत नराकडे एक्स आणि वाय अशी वेगळी जोडी असते, म्हणून नर. पक्ष्यांत उलट, तिथे मादीवर पाळी येते. याच हाल्डेन यांनी पुढे भारतात येऊन भारतीय नागरिकत्व घेतलं आणि १९६४ साली भुवनेश्वरला त्यांचं निधन झालं.

नियम झाला, पण आत बिघडतं काय? याचा पाठपुरावा प्रागमधल्या यिरी फोरेट यांनी अक्षरशः आयुष्यभर केला. १९७४ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं दाखवलं की प्रयोगशाळेतला उंदीर (तो मुख्यतः डोमेस्टिकस) आणि रानटी मस्क्युलस यांच्या संकरात नराच्या वंध्यत्वामागे १७ व्या गुणसूत्रावरचा एक ठरावीक भाग आहे. त्या भागातलं नेमकं जनुक हाती लागायला २००९ साल उजाडलं. त्याचं नाव पीआरडीएम-९. सस्तन प्राण्यांत प्रजातींना वेगळं ठेवणारं सापडलेलं हे पहिलं जनुक. पस्तीस वर्षं एका जनुकामागे! ही चिकाटी मी दरवर्षी वर्गात मुद्दाम सांगते.

हे जनुक करतं काय, ते शिवणकामाच्या भाषेत सांगते. शुक्राणू तयार होताना आईकडून आलेलं आणि बापाकडून आलेलं गुणसूत्र शेजारी येऊन एकमेकांशी जुळावं लागतं. दोन कापडांच्या कडा जुळवून आपण टाचण्या लावतो तसं. टाचणी कुठे टोचायची ते पीआरडीएम-९ ठरवतं. आता जिथे पिढ्यान्‌पिढ्या टाचणी टोचली जाते, तिथलं कापड विरत जातं आणि ती जागा टाचणी धरेनाशी होते. डोमेस्टिकसच्या कापडावर डोमेस्टिकसच्या टाचण्यांच्या जागा विरलेल्या आहेत, मस्क्युलसच्या कापडावर मस्क्युलसच्या. संकरित नरात दोन्ही कापडं एकत्र येतात, तेव्हा मस्क्युलसचं पीआरडीएम-९ डोमेस्टिकसच्या ताज्या कापडावर टाचण्या लावत सुटतं आणि डोमेस्टिकसचं मस्क्युलसच्या कापडावर. टाचणी एकाच कापडात. दोन्ही कापडं मिळून पकडलीच जात नाहीत. गुणसूत्रं सुटी राहतात, वृषणातली पेशी ते ओळखते आणि मरून जाते. शुक्राणू बनतच नाहीत.

हे खरं असेल तर टाचण्यांच्या जागाच बदलून पाहायच्या. ऑक्सफर्डच्या गटानं तेच केलं. २०१६ साली त्यांनी प्रयोगशाळेतल्या उंदराच्या पीआरडीएम-९ मधला जागा शोधणारा तुकडा काढून तिथे माणसाचा बसवला. माणसाच्या टाचण्यांच्या जागा दोन्ही उंदरांच्या कापडावर विरलेल्या नव्हत्या. संकरित नरांना पिल्लं झाली. हा प्रयोग पहिल्यांदा वाचला तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत फेऱ्या मारल्या होत्या.

माद्यांतही काही जोड्या चुकतात, पण बीजांडं तयार होण्यातली तपासणी नरांइतकी कडक नसते, त्यामुळे त्या निभावून नेतात. शिवाय एक्स गुणसूत्रावरचा एक भागही या बिघाडात सामील आहे. म्हणूनच फोरेट यांच्या संकरांत आई मस्क्युलस आणि बाप डोमेस्टिकस असेल तर मुलगे पूर्ण वांझ निघतात. उलट जोडीत परिस्थिती इतकी वाईट नसते.

पिल्लं वांझ होतात म्हणून माद्या आपल्याच प्रजातीचा नर निवडायला शिकल्या का?

‘शिकल्या’ हा शब्द काळजीपूर्वक वापरायला हवा, पण मुद्दा बरोबर आहे. सीमेवर परक्या नराशी जोडी जमवणाऱ्या मादीला नातवंडं कमी. वास नीट ओळखणाऱ्या मादीला जास्त. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या की सीमेवर चोखंदळ माद्या उरतात. सीमेपासून दूर, जिथे परका उंदीर कधी भेटतच नाही, तिथे असा चोखंदळपणा वाढायचं कारण नाही.

हे तपासता येतं, आणि माँपेलिए विद्यापीठातल्या कॅरोल स्मादजा आणि गिला गानेम यांनी ते तपासलं. प्रयोग फार साधा. इंग्रजी वाय अक्षरासारखी दुभंगलेली नळी. एका फाट्याच्या टोकाला आपल्या शाखेच्या उंदराचं मूत्र, दुसऱ्याच्या टोकाला परक्याचं. देठाकडून उंदीर सोडायचा आणि घड्याळ लावायचं. दुभागणीपाशी तो थांबतो, मागच्या पायांवर उभा राहून हवा हुंगतो, एका फाट्यात डोकं घालून मागे घेतो, दुसऱ्यात शिरतो. कुठल्या टोकाशी किती सेकंद नाक लावलं एवढंच मोजायचं.

डेन्मार्कच्या सीमेजवळचे मस्क्युलस आपल्याच वासाकडे ठामपणे गेले. दूरच्या प्रदेशातल्या मस्क्युलसमध्ये ही ओढ कमी होती. डोमेस्टिकसमध्ये सीमेवरही फरक तितका ठळक नव्हता. म्हणजे एकाच सीमेवर एक शेजारी दुसऱ्यापेक्षा जास्त सावध. पाठ्यपुस्तकांत ही गोष्ट दोन्ही बाजूंना सारखी असल्यासारखी मांडतात, ते मला पटत नाही. निसर्गातल्या सीमा अशाच एकांगी असतात.

आवाजाचं काय? उंदीर गातात असं ऐकलंय.

नर मादीच्या वासानं उत्तेजित झाला की आपल्या कानाला न ऐकू येणाऱ्या उंच पट्टीत आवाज काढतो. २००५ साली अमेरिकेतल्या सेंट लुइसमध्ये ते ध्वनिमुद्रित करून तपासले, तेव्हा त्यात ठरावीक स्वरखंडांची पुनरावृत्ती आढळली, म्हणून त्याला गाणं म्हणतात. संकर रोखण्यात मात्र वासाचा वाटाच मोठा, असं माझं मत आहे.

ही आवड जन्मजात असते की आईबापांकडून येते?

यासाठी अटलांटिक ओलांडून अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या रानात जावं लागतं. तिथे पेरोमिस्कस वंशाच्या दोन सख्ख्या म्हणाव्यात अशा प्रजाती एकाच जंगलात राहतात: पांढऱ्या पायांचा ल्युकोपस आणि कापूस-उंदीर गॉसिपिनस. पिंजऱ्यात एकत्र ठेवले तर त्यांना धडधाकट, वीणक्षम पिल्लं होतात. वांझपणाचा मागमूस नाही. तरीही जंगलात संकरित उंदीर क्वचितच सापडतात. म्हणजे इथे सगळी मदार निवडीवर.

एमिली डिलेनी आणि होपी होक्स्ट्रा यांनी पिल्लांची अदलाबदल केली: गॉसिपिनसची पिल्लं ल्युकोपस आईबापांकडे वाढवायला दिली आणि उलटही. गॉसिपिनसची पिल्लं मोठी झाल्यावर ज्यांनी वाढवलं त्यांच्यासारख्या जोडीदाराकडे वळली. ल्युकोपसच्या निवडीत मात्र संगोपनाखेरीज इतर गोष्टींचाही हात दिसला. २०१८ साली हे प्रसिद्ध झालं. दोन प्रजातींमधली भिंत निदान एका बाजूनं घरट्यातल्या पहिल्या काही आठवड्यांत, आईच्या अंगाच्या उबेत उभी राहते, हे मला फार हृद्य वाटतं.

संकरित पिल्लं अशक्त, रोगट असतात का?

सरसकट नाही. याबाबतीत विज्ञानानं स्वतःचं उत्तर बदललेलं आहे. १९८६ साली बव्हेरियातल्या संकरपट्ट्यातल्या उंदरांत जंत जास्त असल्याचं प्रसिद्ध झालं आणि ‘संकर झाला की प्रतिकारशक्ती ढासळते’ हे अनेक वर्षं शिकवलं गेलं. मीही शिकवलं. २०१२ साली सहाशेहून अधिक उंदीर तपासून केलेल्या मोठ्या अभ्यासात उलटंच निघालं: संकरितांमध्ये अपेक्षेपेक्षा जंत कमी होते. तेव्हापासून मी तो जुना परिच्छेद माझ्या टिपणांतून काढून टाकला.

काही संकर मात्र खरोखर घातक असतात. पेरोमिस्कसच्याच आणखी दोन प्रजाती, मॅनिक्युलेटस आणि पोलिओनोटस. आई मॅनिक्युलेटस असेल तर पिल्लं खुजी होतात, पण जगतात. आई पोलिओनोटस असेल तर गर्भ आणि वार बेसुमार वाढतात आणि बहुतेक गर्भ मरतात. आईच्याही जिवावर बेततं. मॅनिक्युलेटसमध्ये एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, तर पोलिओनोटस एकाच जोडीदाराबरोबर राहतो. बापाची जनुकं वाढीला रेटा देणार आणि आईची लगाम लावणार, ही रस्सीखेच मॅनिक्युलेटसमध्ये जोरात चालते. तिथल्या रेट्याला पोलिओनोटस आईकडे पुरेसा लगामच नाही.

संकरानं उंदरांचा फायदा झाल्याचं एखादं उदाहरण आहे का?

आहे, आणि ते थेट आपल्या किराणा दुकानापर्यंत येतं. उंदरांच्या औषधांपैकी वॉरफरिन १९५० च्या सुमारास वापरात आलं. त्यानं रक्त गोठायचं थांबतं. काही वर्षांतच त्याला दाद न देणारे उंदीर दिसू लागले.

स्पेन, पोर्तुगाल आणि उत्तर आफ्रिकेत स्प्रेटस नावाचा शेतउंदीर आहे. तो घरात राहत नाही, आणि घरउंदरापासून तो दहा लाखांहून अधिक वर्षांपूर्वी वेगळा झाला. त्यांच्या संकरातले नर वांझ असतात. तरीही संकरित माद्यांमार्फत स्प्रेटसचं एक जनुक घरउंदरांत शिरलं: रक्त गोठण्यासाठी लागणाऱ्या के जीवनसत्त्वाशी संबंधित, आणि वॉरफरिनला न जुमानणारं. २०११ साली हे उघड झालं तेव्हा असे घरउंदीर स्पेनमध्ये तर सापडलेच, पण जर्मनीतही सापडले, जिथे स्प्रेटस राहतच नाही. माणसानं विष पेरलं आणि जी संकरित वंशावळ एरवी कुठेतरी विरून गेली असती, तिलाच सुगी आली.

म्हणजे सीमा काही जनुकं अडवते आणि काहींना सोडते?

अगदी तसंच. एक्स गुणसूत्रावरची जनुकं डोमेस्टिकस-मस्क्युलस सीमेवर लगेच अडतात, त्यांचा पट्टा सर्वांत अरुंद. पण चेक-बव्हेरिया भागात मस्क्युलसचं वाय गुणसूत्र डोमेस्टिकसच्या मुलखात बरंच आत घुसलेलं आहे. अंगानं डोमेस्टिकस, पण बापाकडची ओळख पलीकडची, असे नर तिथे सापडतात. म्हणून ‘सीमा’ म्हणताना एक भिंत डोळ्यांसमोर आणू नका. पिठाची चाळणी आणा.

प्रयोगशाळेतले उंदीर कुठल्या शाखेचे?

मुख्यतः डोमेस्टिकस, नव्वद टक्क्यांहून अधिक. पण शंभर टक्के नाही. शे-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेत हौस म्हणून रंगीबेरंगी उंदीर पाळत, त्यांत जपानहून आलेलेही होते; आणि जपानी घरउंदीर स्वतःच मस्क्युलस व कॅस्टेनियस यांचा संकर आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅबी लॅथ्रॉप या बाई असे उंदीर पाळून विकत. त्यांच्याकडच्या उंदरांपासून १९२१ साली सी५७ब्लॅक ही काळी जात तयार झाली, आज जगभर वापरतात ती. तिच्या पेशींतली सूत्रकणिका (मायटोकॉन्ड्रिया) डोमेस्टिकस आईकडची आणि वाय गुणसूत्र आशियाई बापाकडचं. कॅन्सरपासून मधुमेहापर्यंतचे प्रयोग ज्या उंदरावर होतात, तो असा दोन घराण्यांचा वारस आहे.

शेवटी ही एक प्रजाती की दोन?

काही अभ्यासक डोमेस्टिकसला स्वतंत्र प्रजाती मानतात, बरेच जण उपप्रजाती. मी उपप्रजाती म्हणते, कारण जनुकांची ये-जा चालू आहे. पण परीक्षेत कुणी ‘दोन’ लिहून कारण नीट दिलं तर मी पूर्ण गुण देते.

घरच्या उंदरांवर असा काही प्रयोग करता येईल का?

पकडून, हाताळून मुळीच नको. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. मुंबईत आणि कोकणात दर पावसाळ्यात त्याचे रुग्ण असतात. लेंड्या झाडायच्या असतील तर हातमोजे घाला आणि आधी जंतुनाशक पाणी शिंपडा.

लांबून पाहायला मात्र काही हरकत नाही. बनावट नोटा तपासायचा जांभळा दिवा मिळतो, तो घ्या. उंदराचं मूत्र त्या प्रकाशात चमकतं. १९७३ साली याच युक्तीनं कळलं होतं की दबदबा असलेला नर सगळ्या जागेत शेकडो बारीक ठिपके टाकत फिरतो, तर हरलेला नर कोपऱ्यात दोन-चार डाग करून गप्प बसतो. दिवे मालवा, कोठीच्या भिंतीच्या कडेनं तो दिवा फिरवा. फरशीवर निळसर पांढऱ्या ठिपक्यांची रांग दिसली, आणि मधेच एखाद्या जागी ते दाट झाले, तर तिथे थोडा वेळ थांबा. मादीही तिथेच थांबत असेल.